पाण्याची नावड आणि द्राक्षाचे पान

दिवाळीत आमच्या पिंपळगाव बसवंतला फटाक्यांआधी ऐकू येतात ते फवारणीचे पंप. ऑक्टोबरची छाटणी होऊन वेली नुकत्या फुटलेल्या असतात. अशात आभाळ भरून आले, की केवड्याच्या धास्तीने झोप उडते. एका वर्षी माझे कोवळे घड असेच गेले. औषध वेळेवर मारले होते हो! पण थेंब मेणचट पानांवर ठरेनात. मोत्यांसारखे घरंगळून मातीत गेले.

तेव्हापासून मी टाकीत स्प्रेडर घालू लागलो, आणि हे द्रव्य करते तरी काय, याचा नाद लागला.

अशा काही द्रव्यांत लांबलचक साखळीचे रेणू असतात. दोन्ही टोकांना पाणी आवडते, मधल्या भागाला मात्र त्याचे वावडे. या नावडत्या भागाभोवती पाण्याच्या रेणूंना अवघडून, शिस्तीत उभे राहावे लागते, विहिणीभोवतीच्या वऱ्हाडासारखे! अनेक साखळ्यांचे नावडते भाग एकमेकांना बिलगले, की पाणी मोकळे होते. म्हणजे साखळ्यांचा गोळा जमतो तो त्यांच्या प्रेमापेक्षा पाण्याच्या सुटकेसाठी.

ऊब मिळाली की ही नावड वाढते. पोलोक्झामर ४०७ नावाच्या अशा साखळ्यांचे सुमारे २० टक्के द्रावण थंडगार असताना पातळ असते, अंगाच्या उबेने त्याची जेली होते. तुपाच्या अगदी उलट! आत ते सूक्ष्म गोळे डब्यातल्या लाडवांसारखे थरावर थर रचून बसतात. रचणारा कोणी नाही. औषध शरीरात सावकाश सुटावे म्हणून या जेलीचा उपयोग करतात.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तिथे डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आवडनावडीचा तोल साधून एक जेली बेतली. तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात ती आपली आपण नवा आकार घेते, हे त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. तांब्याचा क्षार म्हटले, की आम्हा बागाईतदारांना मोरचूदच आठवायचा!

स्प्रेडर मी आता मापाबाहेर चमचाभरही घालीत नाही. एका मर्यादेपलीकडे जास्तीच्या साखळ्या पानापर्यंत कामाला येतच नाहीत, टाकीतच गोळे करून बसतात. शेजारचे अण्णा मात्र सढळ हाताचे. त्यांच्या टाकीवर फेस मावत नाही.