कण्हेर : ऋतुमानानुसार निगा व खते

कण्हेर (संस्कृत नाव करवीर, शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर) हे ॲपोसायनेसी कुलातील सदाहरित, शोभेचे झुडूप आहे. त्याची उंची साधारणपणे २ ते ४ मीटर असते. पाने लांबट व चिवट असून बहुधा तीन-तीनच्या मंडलांत येतात. फुले पांढरी, गुलाबी किंवा तांबडी, एकेरी अथवा दुहेरी असतात व ती देवपूजेत वाहिली जातात. पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी ही याच कुलातील, परंतु निराळ्या प्रजातीची वनस्पती होय.

शिर्डी परिसरातील उपयुक्तता

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील शिर्डी पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. येथील उन्हाळा कडक व कोरडा असतो, तर कालव्याखालील काही जमिनी पाण्याच्या अतिवापराने खारवट होतात. कण्हेर या दोन्ही परिस्थितींत तग धरते. पानांच्या खालच्या बाजूस खोल खळग्यांत लपलेली, केसांनी झाकलेली पर्णरंध्रे आणि अनेक थरांची बाह्यत्वचा यांमुळे बाष्पोत्सर्जन कमी होते. म्हणूनच महामार्गांच्या दुभाजकांत व अंगणांच्या कडेने हे झुडूप लावले जाते.

ऋतूनुसार निगा

पावसाळा : जूनमध्ये आळे मोकळे करून पूर्ण कुजलेले शेणखत, मोठ्या झुडपास एक-दोन घमेली, मातीत मिसळावे, सोबत मूठभर निंबोळी पेंड द्यावी. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. त्यामुळे बुंध्याशी मातीची भर देऊन पाण्याला वाट काढावी. फांदीचे छाट लावून नवी रोपे करण्यास हा काळ सोयीचा असतो.

हिवाळा : वाढ मंदावते, म्हणून पाणी कमी करावे व खत देऊ नये. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास, वाळलेल्या व दाट झालेल्या फांद्या छाटाव्यात. फुले नव्या फुटव्यांवर येत असल्याने जून फांद्या सुमारे एक-तृतीयांश कमी केल्यास बहर चांगला येतो. छाटणीनंतर थोडे कंपोस्ट पुरेसे होते.

उन्हाळा : स्थिरावलेल्या झुडपास आठवड्यातून एकदा सकाळी किंवा सायंकाळी खोलवर पाणी द्यावे, कुंडीतील रोपास मात्र ते वरचेवर लागते. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

युरियासारखी नत्रयुक्त खते जास्त दिल्यास पाने माजतात आणि फुले कमी येतात. अशा कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा अधिक पडतो. पाण्याचा जोरदार फवारा मारून किंवा निंबोळी अर्क फवारून त्याचा बंदोबस्त करता येतो.

विषारीपणा व दक्षता

कण्हेरीची पाने, फुले, साल, मुळे, बिया व चीक असे सर्व भाग विषारी असतात. त्यांतील ओलिअँड्रिन व तत्सम द्रव्ये हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियमची देवघेव बिघडवतात. परिणामी उलट्या, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता व प्रसंगी मृत्यूही संभवतो. संस्कृतातील ‘अश्वमारक’ हे नाव हाच गुण सांगते.

वाळल्यानेही विष नष्ट होत नाही. ओली पाने कडू असल्याने जनावरे ती सहसा टाळतात. मात्र चाऱ्यात मिसळलेली वाळकी पाने त्यांच्या ध्यानात येत नाहीत. म्हणून दुधाची जनावरे व शेळ्या पाळणाऱ्या या भागात छाटलेल्या फांद्या बांधावर, गोठ्याजवळ किंवा रस्त्याकडेला टाकू नयेत. त्या खोल खड्ड्यात पुराव्यात. धूरही अपायकारक असल्याने त्या जाळू नयेत किंवा चुलीत घालू नयेत. छाटणी करताना हातमोजे वापरावेत आणि नंतर हात व हत्यारे धुवावीत.

मुलाने कोणताही भाग खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास रुग्णालयात न्यावे व झाडाची ओळख पटण्यासाठी एक डहाळी सोबत ठेवावी. जनावरास बाधा झाल्यास पशुवैद्यकास तातडीने बोलवावे.