टेम्स नदीचीं दारें

लंडन शहर टेम्स नदीच्या तीरीं वसलें आहे, हें आपण भूगोलांत शिकतों. परंतु त्या शहरास नदीच्या पुराहून समुद्राचें भय अधिक आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. दिवसांतून दोनदां भरतीचें पाणी टेम्समधून उलट वर चढतें. आपल्या कोंकणांतील खाडीकांठच्या वाचकांस यांत नवल वाटावयाचें नाहीं.

नुसत्या उधाणानें लंडनचें कांहीं बिघडत नाहीं. उधाण आणि वादळ यांची गांठ पडली, म्हणजे खरें संकट. वादळाच्या पोटांत हवेचा दाब उतरतो, त्यामुळें खालचें समुद्राचें पाणी फुगतें, आणि उत्तरेचा वारा तें दक्षिणेकडे लोटतो. उत्तर समुद्र दक्षिणेस नरसाळ्यासारखा निमुळता असल्यामुळें त्या पाण्यास पसरावयास जागा उरत नाहीं. तें उंच होऊन टेम्सच्या मुखांत शिरतें.

१९२८ च्या जानेवारींत असें पाणी रात्रीं नदीकांठच्या भिंतीवरून शहरांत आलें. १४ माणसें बुडालीं; त्यांत तळघरांतील खोल्यांत निजलेलीं गरीब माणसें पुष्कळ होतीं. पुढें १९५३ मध्यें, ३१ जानेवारीच्या रात्रीं, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०० हून अधिक व हॉलंडांत १,८०० हून अधिक लोक मेले. लंडनचा मध्यभाग थोडक्यांत वांचला.

भिंती किती उंच करावयाच्या? आणि नदीस धरण बांधावें, तर जहाजांनीं जावें कोठून? यावर शोधलेली युक्ति मोठी सुरेख आहे. वुलिचजवळ ५२० मीटर रुंदीच्या पात्रांत दहा दारें बसविलीं आहेत. त्यांतील चार मोठ्या दारांपैकीं प्रत्येकाचें वजन ३,००० टनांहून अधिक आहे. हीं दारें एरव्हीं नदीच्या तळाशीं काँक्रीटच्या खोबणींत आडवीं निजलेलीं असतात व जहाजें त्यांवरून खुशाल जातात. प्रसंग आला, कीं तीं फिरून उभीं राहतात. चार्ल्स ड्रेपर या अभियंत्यास ही कल्पना गॅसच्या तोटीवरून सुचली, असें सांगतात. काम १९७४ त सुरू झालें, दारें १९८२ त उपयोगांत आलीं, आणि १९८४ च्या मे महिन्यांत राणी एलिझाबेथ यांच्या हस्तें उद्घाटन झालें.

दारें उभीं करण्याहून कठीण गोष्ट म्हणजे तीं केव्हां उभीं करावयाचीं, हें ठरविणें. पाणी चढूं लागल्यावर निघालेला हुकूम उशिराचा. तो ओहोटी सरतांच, म्हणजे नदी अगदीं शांत दिसत असतां, कित्येक तास आधीं द्यावा लागतो. आणि तोही केवळ हवामानवेत्त्यांच्या गणितावर विसंबून.

अशा वेळीं दारें लाविल्यानें आणखी एक लाभ होतो. आंतलें पात्र रितें राहतें व डोंगरमाथ्याकडून आलेल्या पुरास तेथें जागा मिळते. २०१३-१४ च्या हिंवाळ्यांत दारें ५० वेळां लावावीं लागलीं; त्यांपैकीं ४१ वेळां कारण समुद्र नसून नदीचा पूर हें होतें.

समुद्राची पातळी वर्षोवर्षीं चढत आहे, आणि इंग्लंडचा आग्नेय भाग हळूहळू खचतही आहे. हीं दारें २०७० पर्यंत पुरतील, असा अभियंत्यांचा आजचा अंदाज आहे. नदीकांठच्या भिंती मात्र त्याच्या पुष्कळ आधींच उंच कराव्या लागणार आहेत.