कुत्र्यांची कुळवही आणि बाहेरचे रक्त

घरात कुत्र्याचे पिल्लू आणावयाचे ठरले, की आमच्या शहरी कुटुंबांत हल्ली पहिला प्रश्न निघतो तो कागदांचा. पिल्लाला ‘पेपर्स’ आहेत का? आई लॅब्राडॉर आणि बाप गल्लीतला, अथवा आईबाप दोन निरनिराळ्या जातींचे, असे असेल तर त्या पिल्लांची केनेल क्लबात नोंद होईल का? याचे सरळ उत्तर असे, की जातिवंत म्हणून होणार नाही. निव्वळ कुत्रा म्हणून काही देशांत होते. पण एवढ्याने विषय संपत नाही. ही नोंद मुळात कशाची, आणि तिचे दार बंद का, हे पाहू गेल्यास एक चमत्कारिक आणि काहीशी दुःखद हकीकत हाती लागते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरास गेलेल्या माणसाला तीर्थोपाध्यायाची चोपडी ठाऊक असते. आपले पणजोबा कोणत्या साली आले, त्यांचे भाऊ किती, हे त्या चोपडीत सापडते. पणजोबा सज्जन होते की कर्जबुडवे, ते मात्र सापडत नाही. केनेल क्लबाची वही याच वळणाची. ती कुळ सांगते, गुण सांगत नाही.

इंग्लंडात कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले. पुढे प्रदर्शने वाढली, बक्षिसे वाढली आणि अर्थातच लबाड्याही वाढल्या. एकाच नावाची इतकी कुत्री झाली, की कोणते कोणाचे ते कळेना. तेव्हा १८७३ साली शर्ली नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याची पहिली वंशवही छापून आली. शर्यतीच्या घोड्यांची अशी वही इंग्रजांपाशी १७९१ पासून होतीच. नियमही तिथलाच रुळला : आई आणि बाप दोघे वहीत असतील तर पिल्लू वहीत.

आता कोणी विचारील, की पहिल्या वहीतल्या पहिल्या कुत्र्याचे आईबाप कोणत्या वहीत होते? कोणत्याच नाही! ते कुत्रे रूपावर आणि बक्षिसावर आत आले. मग दार लोटण्यात आले. आपल्याकडच्या मुधोळ किंवा कारवान कुत्र्यांचे तरी काय? शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली ती कोणत्या कागदावर?

दार लोटण्याचा फायदा उघड आहे. पिल्लू मोठेपणी कसे दिसेल, कसे वागेल, याचा अंदाज बांधता येतो. तोटा मात्र सावकाश कळतो. घरातले विरजण बिघडले, तर आपण शेजारून आणतो. पण साऱ्या आळीचे विरजण एकाच भांड्यातले असेल, तर शेजारून आणून काय उपयोग? पशुपालनात यावर जुनी तोड आहे. संकरित कालवडीला शुद्ध वळू पिढ्यामागून पिढ्या दाखवीत गेले, की ठराविक पिढीनंतर तिची संतती शुद्ध म्हणून नोंदायची, अशी पद्धत अनेक देशांतील गुरांच्या नोंदवह्यांत आहे. कुत्र्यांच्या शौकिनांना मात्र ही तोड सहज मानवली नाही.

डाल्मेशियन हा पांढऱ्या अंगावर काळे वा तपकिरी ठिपके असलेला देखणा कुत्रा. माणसाच्या लघवीतून युरिक आम्ल बाहेर पडते. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांचे यकृत त्याचे आणखी विघटन करून पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ बनविते. डाल्मेशियनच्या यकृतात ते काम करणारे द्रव्य असते, पण आम्ल तिथवर वाहून नेणारी यंत्रणाच सदोष. परिणामी लघवीत आम्ल साचते आणि मूतखडे होतात. नराची मूत्रनलिका अरुंद. खडा अडकला, लघवी तुंबली, की शस्त्रक्रिया, नाहीतर मरण. सगळ्यांनाच खडे होतात असे नाही. पण दोष मात्र वहीतल्या जवळजवळ प्रत्येक डाल्मेशियनमध्ये, आणि तोही आईकडून एक व बापाकडून एक असा दुहेरी. मग जातीतल्या जातीत कितीही निवडून जोड्या लावा, निरोगी जनुक आणणार कोठून?

रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ साली ते बाहेरून आणले. त्याने डाल्मेशियनचा एकदाच पॉइंटर जातीशी संकर केला. निरोगी जनुक एक असले तरी पुरते. त्यामुळे पहिली पिल्ले सारी या दोषातून सुटली. पुढे प्रत्येक पिढीत लघवी तपासून निर्दोष पिल्ले निवडायची आणि त्यांची गाठ पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी घालायची. हिशेब सोपा आहे. पॉइंटरचा वाटा दर पिढीस निम्मा होत जातो. पाचव्या पिढीत तो सरासरी बत्तिसावा, दहाव्या पिढीत हजारावा.

१९८१ साली अमेरिकन केनेल क्लबाने पाचव्या पिढीतील दोन कुत्रे नोंदवून घेतले. त्यावर डाल्मेशियनवाल्यांच्या संस्थेत वादळ उठले, सभासदांनी विरोधी मत दिले आणि त्या वंशाची पुढची नोंद थांबली. विरोधकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे आम्ही म्हणत नाही. या वंशातील काहींचे ठिपके हवे तितके मोठे व रेखीव नव्हते; शिवाय एकाला दार उघडले की दुसऱ्याला नाही कसे म्हणणार, ही भीती होतीच. परंतु एका पारड्यात ठिपक्याची कड आणि दुसऱ्यात तुंबलेल्या लघवीने तळमळणारे जनावर, असा तो सौदा होता. त्यात ठिपक्याने सुमारे तीस वर्षे बाजी मारली, हे आम्हांस तरी समर्थनीय वाटत नाही.

दोषी जनुक नेमके कोणते, ते २००८ साली कॅलिफोर्नियात सापडले आणि वादाचा सूर बदलला. इंग्लंडच्या क्लबाने २०१० साली या वंशाची कुत्री नोंदविली, अमेरिकेच्या क्लबाने २०११ साली. पॉइंटरच्या त्या एका संकराला तोवर अडतीस वर्षे झाली होती.

ज्यांच्या घरी साधे मिश्र पिल्लू आहे, त्यांच्यासाठी मार्ग निराळा. अमेरिकन क्लबाने २००९ साली मिश्र कुत्र्यांची स्वतंत्र यादी सुरू केली. त्यात नाव घातले, की आज्ञापालनाच्या आणि अडथळ्यांच्या स्पर्धांत उतरता येते. रूपाच्या प्रदर्शनात नाही. इंग्लंडातही अशी यादी आहे. तिथल्या नोंदीने पिल्लाचे कुळ बदलत नाही आणि त्याच्या पिल्लांनाही जात लाभत नाही. तेव्हा लॅब्राडॉर-पूडल संकराचे पिल्लू ‘लॅब्राडूडल, पेपर्ससहित’ म्हणून कोणी चढ्या भावाने देऊ केले, तर ते कागद कोणत्या वहीचे, हे विचारून घ्यावे.

आणि जातिवंत घेणाऱ्यानेही तेवढ्या कागदावर थांबू नये. त्या सुधारलेल्या वंशाचा नर आणि जुन्या वंशाची मादी यांची पिल्ले पाहा. एकाच वेतातली, एकाच नोंदीची, सारखीच ठिपकेदार. पण सरासरी निम्मी निर्दोष आणि निम्मी दोषी निघतात. वहीतील कुळ दोघांचे एकच असते. कोणते पिल्लू कोणते, हे गालाच्या आतून पुसून घेतलेल्या लाळेची तपासणीच सांगते.