खोलगटांचा नकाशा: चुनखडीतली विवरे आणि भंडाऱ्याचे तलाव

चुनखडीच्या प्रदेशात पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि भेगांतून झिरपताना खडक विरघळवत जाते. वरची जमीन खचून वाडग्यासारखा खोलगट तयार होतो. हे विलयविवर. त्यात आलेले पाणी ओढ्याला मिळत नाही, थेट भूगर्भात उतरते. गावची घाणही त्याच वाटेने विहिरीपर्यंत पोचू शकते, म्हणून अशा विवरांचे नकाशे लागतात.

हे नकाशे आता डिजिटल उंची प्रतिमानावरून बनतात. जमिनीचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकाची उंची नोंदवली की प्रतिमान तयार होते. संगणक त्यातला प्रत्येक खोलगट काठावरून सांडेपर्यंत हिशेबातच भरतो. भरलेल्या पातळीतून मूळ उंची वजा केली की खोली मिळते. अगदी उथळ खड्डे गाळले जातात आणि गोलसर आकाराचे आधी तपासले जातात.

भंडारा जिल्ह्याच्या भूगर्भात मात्र मुख्यतः ग्नाइस, शिस्ट आणि क्वार्टझाइट. तुमसरकडे सौसर समूहात संगमरवर आणि डोलोमाइटचे पट्टे आहेत, पण कार्स्टची, म्हणजे खडक विरघळून घडणारी, ठळक भूरूपे नाहीत. तरीही हीच पद्धत इथे वापरली तर खोलगट सापडतातच. ते माणसाने केलेले आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने धानासाठी उतार पाहून पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या आणि तलाव व बोड्या (लहान तळी) तयार झाल्या. 1951 मध्ये मालगुजारी (जमीन महसूल वसुलीची जुनी पद्धत) गेली, तेव्हा हे तलाव सरकारकडे आले. ‘मामा तलाव’ हे त्यांचे आजचे नाव माजी मालगुजारीचे लघुरूप आहे. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून अधिक आहेत.

मात्र पाळ हाच संगणकाचा कच्चा दुवा. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने 11 दिवसांत रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. त्या प्रतिमानातला चौकोन सुमारे 30 मीटरचा. पायथ्याशी 15 मीटर रुंद, 4 मीटर उंच आणि त्रिकोणी छेदाची पाळ अशा एका चौकोनात आली, तर सरासरीत ती जेमतेम 1 मीटर भरते. मोजणीतली चूकच कित्येक मीटरची असू शकते. म्हणजे पाळ नाहीशी होते आणि हिशेबात तलाव फुटून जातो! बोड्यांची तर गोष्टच नको. शिवाय रडार पाण्याखालचा तळ पाहत नाही, आणि 600 मीटरहून अधिक लांबीचे जलाशय त्या प्रतिमानात मुद्दाम सपाट केलेले आहेत. गोसीखुर्द धरणाचा जलाशय त्या मोजणीनंतर भरला, त्यामुळे तिथली वैनगंगेची दरी मात्र त्यात जुन्याच रूपात दिसते.

2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1 च्या जोडचित्रांवरून इस्रोने केलेले प्रतिमान ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळते, पण तेही 30 मीटरचेच. विमानातून लेझरने केलेल्या मोजणीत चौकोन 1 मीटरपर्यंत येतो, झाडीखालची जमीनही दिसते. अमेरिकेतल्या केंटकीत जुन्या नकाशांवर नसलेली अनेक विवरे त्यामुळेच सापडली.

बारीक मोजणीनेही ओळख पटतेच असे नाही. भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण संगणकाला खोलगटच वाटणार. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपना भागात चुनखडी खरोखर आहे, तर तिथे सिमेंटसाठी खोदलेल्या खाणी विवरांच्या रांगेत येऊन बसतात. त्यामुळे सापडलेला खोलगट आधी भूशास्त्रीय नकाशावर आणि उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रावर ताडून पाहावा लागतो. भंडाऱ्यात गावनकाशा आणि निस्तारपत्रक ही त्याहून हुकमी साधने: तलाव कुणी वापरायचा हे निस्तारपत्रकात लिहिलेले असते.