वाटाड्यांचा मुलूख

कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरीनंतर मुख्य मार्ग सोडते आणि केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीत येऊन थांबते. पुढे रूळ नाहीत, समोर बोरघाट उभा. पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला आता या फाट्याशी काही देणंघेणं नसतं. 1856 साली मात्र हीच मुख्य लाइन होती आणि मुंबईहून निघालेल्या गाडीचा शेवटही इथेच व्हायचा. पुढचा घाट उतारूंनी पालखीत, घोड्यावर, बैलगाडीत नाहीतर पायी चढायचा. 1858 साली वरची लाइन सुरू झाल्यावर खंडाळ्याला दुसरी गाडी मिळू लागली. घाटातून सलग रूळ पडायला 1863 साल उजाडलं. तोवर पुण्याचं तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मोहीम येतच होती.

मोहीम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एव्हरेस्ट येतं, नाहीतर दक्षिण ध्रुव. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत शिखरं आहेत, पण इथल्या इतिहासाचा खरा प्रश्न शिखराचा कधीच नव्हता. कोकणातून देशावर जायचं तर मधे सह्याद्रीची भिंत आडवी येते. तिच्यातून वाट कुठून काढायची, हा तो प्रश्न. सैन्याला पडला, व्यापाऱ्याला पडला, इंजिनिअरला पडला आणि आज पाठीवर सॅक टाकून येणाऱ्या पोरांनाही पडतो. त्याचं उत्तर दर वेळी इथल्याच माणसाकडे होतं. उत्तर घेऊन जाणाऱ्यांची नावं पुस्तकांत आली. देणाऱ्यांची बहुतेक हरवली.

वाट कशी सापडते, हे समजायला डोंगर कसा बनला ते थोडं पाहावं लागतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. काही थर टणक, काही भुसभुशीत. टणक थराचा कडा होतो. भुसभुशीत थर झिजून मधे सपाटीचा टप्पा तयार होतो, त्याला इकडे पदर किंवा माची म्हणतात. त्यामुळे घाटवाट कधी सरळ वर चढत नाही. आधी सोंडेवरून पदरात यायचं, मग पदरातून आडवं चालत कड्यातली फट शोधायची आणि त्या नाळेतून वर निसटायचं. पदरात माती असते, झरा असतो, नाचणी-वरी पिकते, म्हणून वस्तीही तिथेच. राजमाचीची उधेवाडी, कोथळीगडाखालचं पेठ, इरशाळगडाखालची इरशाळवाडी, सगळ्या अशा डोंगराच्या मधल्या पायरीवर वसलेल्या. कड्यातली कुठली फट माणसाला वर नेते आणि कुठली अर्ध्यात सोडते, हे त्या पायरीवर राहणाऱ्यालाच माहीत. नकाशावर दोन्ही सारख्याच दिसतात.

अशा वाटा इथे कितीतरी आहेत. भिवपुरीकडून मावळात चढणारा कुसूर घाट, जांभरुंगचा वाजंत्री घाट, खांडसहून भीमाशंकरला नेणारे गणेश घाट आणि शिडी घाट. भाविक आणि हौशी दोघेही पावसाळ्यात शिडी घाटाने जातात; माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने लांबचा असला तरी गणेश घाटच धरावा.

वाटेची माहिती हीच फौज कशी ठरते, हे खालापूर तालुक्याने 2 फेब्रुवारी 1661 रोजी पाहिलं. मुघल सुभेदार शाइस्ताखानाने आपला सरदार कारतलबखान याला मोठं सैन्य देऊन कोकणात धाडलं. खान लोणावळ्याकडून नागफणीच्या कड्याच्या बाजूच्या कुरवंडे घाटाने उतरला आणि खाली चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत अडकला. दोन्हीकडे दाट रान, मधे अरुंद वाट, पुढे आणि मागे शिवाजी महाराजांचे लोक. सैन्य किती होतं याला तिथे काहीच अर्थ उरला नाही, कारण खिंडीत लढायला पुढची थोडीच माणसं येऊ शकत होती. बरोबर असलेल्या रायबागन या स्त्री सरदाराने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खानाने तो ऐकला. कवी परमानंदाच्या शिवभारतात ही हकिगत सविस्तर आली आहे. खानाला घाट उतरता आला. खाली काय वाढून ठेवलंय हे सांगणारं कोणी त्याच्याकडे नव्हतं.

इंग्रजांनी घाटाकडे आधी तोफांची वाट म्हणून पाहिलं. 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला. त्याच्याही आधी नाना फडणवीसांनी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीत तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं होतं. घाट चढण्याआधी माणसाला आणि जनावराला पाणी हवं, एवढा साधा विचार त्यामागे असणार. रेल्वेचं गणित याहून अवघड होतं. बैल चढेल त्या चढावर इंजिन चढत नाही. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने कित्येक वर्षं मोजणी केली, तेव्हा कुठे आखणी ठरली. 1856 च्या जानेवारीत काम सुरू झालं. साधारण 25 किलोमीटरमध्ये सुमारे साडेपाचशे मीटर चढायचं, सर्वांत तीव्र जागी 37 फुटांना 1 फूट, 25 बोगदे, 22 पूल. सुरुंगाची भोकं पाडायला मजूर दोराला लटकून कड्यावरून खाली सोडले जात. आज नागफणीवर लोक पैसे भरून रॅपलिंग करतात. त्या मजुरांना हेल्मेट नव्हतं, हार्नेस नव्हता आणि मजुरीही वेळेवर मिळत नव्हती. थकलेल्या मजुरीवरून 1859 साली दंगल झाली आणि ठेकेदार बदलावा लागला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आला आणि काही आठवड्यांत आजारी पडून मेला. त्याची बायको अ‍ॅलिस इंग्लंडला परत गेली असती तर कोणी नावं ठेवली नसती. तिने ठेका स्वतःकडे घेतला आणि इंजिनिअर नेमून काम तडीस नेलं. 1861 मध्ये घाटात एका वेळी 42 हजार माणसं राबत होती. पटकीने आणि तापाने किती गेली, त्यांचा दगड कुठे नाही. बर्कलीही 1862 मध्ये वारला; गाडी घाटातून गेलेली त्याने पाहिली नाही.

आणि शिंग्रोबा? जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले वेग कमी करून नाणं टाकतात, हात जोडतात आणि गिअर बदलतात. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा धनगराने आपली जनावरं ज्या वाटेने वर जात ती दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, आमचं स्वातंत्र्य द्या, आणि साहेबाने गोळी घातली. ही लोककथा आहे, इतिहास म्हणून ती कोणी छातीठोक सांगू नये. पण गोष्टीतला पहिला अर्धा भाग मला अगदी संभवनीय वाटतो. घाटात वर्षानुवर्षं मोजणी करणाऱ्या माणसाने ढोरं चारणाऱ्याला एकदाही वाट विचारली नसेल, यावर विश्वास ठेवणं जास्त कठीण आहे. लोकांनी न नोंदलेल्या माणसाची नोंद देवळात करून ठेवली.

माथेरानच्या बाबतीत नोंद अगदी व्यवस्थित आहे. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी तळ देऊन होता; हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडायचा. संध्याकाळी फिरायला म्हणून तो अर्धा डोंगर चढला. जागा आवडली, तेव्हा दुसऱ्या दिवशी घळीतून चढून आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात तिथे पोचला, वरच्या रानातून हिंडला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. त्याच वर्षी परत येऊन त्याने वर झोपडी बांधली. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, बंगले झाले, 1907 मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याने नेरळहून छोटी गाडी वर नेली. माथेरानचा शोध मॅलेटने लावला, असं आपण शाळेपासून लिहीत आलो. पण त्या डोंगरावर धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून वावरत होते, आणि पिसारनाथ हे त्यांचं दैवत तिथे होतं. मॅलेटने शोधलं ते हवा खायचं ठिकाण. चौकमधला कलेक्टर मे महिन्याच्या उन्हात कुठल्या घळीत शिरला तर वर निघेल, हे त्याला घळीने सांगितलं नसणार. चौकहून वन ट्री हिलवर जाणारी वाट अजून चालू आहे. ती चढून पाहिली की मॅलेटबद्दल आदर वाटतोच, आणि दमही चांगलाच निघतो.

आजच्या साहसाची चव घ्यायची तर कर्जतजवळच्या सांडशी गावातून ढाकच्या बहिरीला जावं. कळकराईचा सुळका आणि ढाकचा कडा यांच्या बेचक्यातून खाली उतरायचं, मग कड्याच्या पोटाला चिकटून आडवं जायचं आणि शेवटी जवळजवळ उभा कातळटप्पा. कातळात पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या, एके ठिकाणी टेकवलेलं झाडाचं खोड, हाताला दोर. शहरातली मंडळी बुटाचा सोल कातळाला धरतोय का ते तीनतीनदा तपासतात. गावची माणसं अनवाणी जातात, खांद्यावर कोंबडं किंवा शिधा घेऊन, कारण वर त्यांचा देव आहे. गुहेत पाण्याचं टाकं आहे आणि देवाची भांडी आहेत. ती स्वयंपाकाला घ्यायची, घासून जागेवर ठेवायची. नेली तर बहिरी खाली उतरू देत नाही, अशी श्रद्धा. आपण ज्याला थरार म्हणतो तो इथे नवसाचा रस्ता आहे, आणि त्या कड्यावरून पडून जीव गमावलेल्यांत बाहेरून आलेलेच जास्त ऐकू येतात. ढोरवाटेला पायवाट समजून भलतीकडे भरकटणं, अंधारात उतरणं, ओल्या शेवाळावर घाई करणं, कारणं तीच ती.

मग शोधायला कोण जातं? लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचं यशवंती हायकर्स अशा गटांतली, दुकानं-नोकऱ्या सांभाळणारी माणसं, आणि त्यांच्या पुढे पायथ्याच्या वाडीतला कोणीतरी. 19 जुलै 2023 च्या रात्री हे नातं उलटं झालं; शोधायचं होतं ते वाडीतल्यांनाच. मुसळधार पावसात इरशाळवाडीवर दरड कोसळली. नानिवलीहून वाडीपर्यंत चढणीची पायवाट, यंत्र वर नेणं अशक्य. एनडीआरएफच्या जवानांना आणि ट्रेकर्सना कुदळ-फावड्याने माती उपसावी लागली. मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराने गेला. 27 मृतदेह हाती लागले, 57 जणांचा पत्ता लागला नाही आणि शोध थांबवला गेला. इरशाळगडाच्या नेढ्याकडे, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाकडे, जाणारा ट्रेकर या वाडीतल्या ठाकरांच्या अंगणात पाणी प्यायचा, त्यांना वाट विचारायचा. पदरातली माती वस्ती धरून ठेवते तशी ती एखाद्या पावसात सुटतेही. भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य त्या रात्री असं खरं झालं.

पावसाळ्यात कर्जत-खालापुरात येणार असाल तर आधी जिल्हा प्रशासनाची बंदी कुठे आहे ते पाहा; ती मोडण्यात मर्दुमकी नाही. घाटवाटेला जायचं तर पायथ्याच्या वाडीतला वाटाड्या घ्या, मोबाइलमधल्या रेषेवर विसंबू नका. त्याचं नाव विचारा आणि परतल्यावर फोटो टाकाल तेव्हा, त्याची हरकत नसेल तर, ते लिहा. पैसे चढण्याआधी ठरवा, उतरल्यावर घासाघीस करू नका.