गस्तीवरचा निवेदक : निकोलस रीआ यांच्या कॉन्स्टेबल-कथा आणि त्यांचे दूरदर्शन-रूप

गुन्हेगारीविषयक कथनाची चर्चा करताना समीक्षक सहसा गुन्हा, शोध आणि उकल ही त्रिपदी गृहीत धरतात. मराठी वाचकाच्या मनातही रहस्यकथा म्हणताच बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळापहाड उभे राहतात. म्हणजे शहर, वेग आणि असामान्य नायक. निकोलस रीआ या इंग्रज लेखकाची ओळखही 'गुन्हेकथाकार' अशीच करून दिली जाते. तथापि ज्या पुस्तकांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या कॉन्स्टेबल-मालेत ही त्रिपदी बहुतेक आढळत नाही. तीत गुन्हा असतो. परंतु तो कथेचा कणा नसतो. पुढे याच पुस्तकांवरून दूरदर्शन-मालिका झाली, तेव्हा माध्यमाला हा अभाव भरून काढावा लागला. तो कसा भरला गेला आणि त्या भरणीत मूळ रूपबंधातले काय हरवले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रीआ हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव पीटर नॉर्मन वॉकर; 'रीआ' हे त्यांच्या आईच्या माहेरचे आडनाव होय. त्यांचा जन्म 1936 मध्ये इंग्लंडच्या ईशान्येकडील नॉर्थ यॉर्क मूर्स या माळरानी प्रदेशातील ग्लेझडेल या खेड्यात झाला. किशोरवयातच ते नॉर्थ रायडिंग पोलीस दलात उमेदवार म्हणून दाखल झाले, 1956 पासून व्हिटबी या बंदराच्या गावी गस्तीचे काम करू लागले आणि 1964 मध्ये ऑस्वल्डकर्क या छोट्या गावी ग्रामीण कॉन्स्टेबल म्हणून गेले. तेथील वास्तव्य जेमतेम तीन वर्षांचे. त्यानंतर ते प्रशिक्षक झाले, अधिकारपदे चढत गेले आणि 1982 मध्ये इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. 1967 पासून त्यांच्या कादंबऱ्या प्रसिद्ध होऊ लागल्या होत्या. क्रिस्टोफर कोरम, टॉम फेरिस अशी आणखी काही नावे धारण करून त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. पेंबर्टन आणि प्लूक या अधिकाऱ्यांच्या मालांत रीतसर तपासकथाही आहेत. त्यांतला प्लूक तर शकुन-अपशकुनांवर भिस्त ठेवणारा. वाचकप्रियतेचे शिखर मात्र या तपासकथांनी गाठले नाही. ते गाठले ऑस्वल्डकर्कच्या तीन वर्षांनी.

'कॉन्स्टेबल ऑन द हिल' हे मालेतले पहिले पुस्तक 1979 मध्ये आले. पुढे तीसहून अधिक पुस्तके निघाली. ऑस्वल्डकर्कचे तीत 'एडन्सफील्ड' झाले. तीन वर्षांच्या नोकरीतून तीसहून अधिक पुस्तके निघावीत, हे केवळ आठवणींच्या बळावर शक्य नव्हते. सहकाऱ्यांकडून ऐकलेले, गावोगावच्या लोककथांतून आलेले, दप्तरात नोंदलेले असे पुष्कळ काही निवेदकाच्या खात्यावर जमा झाले आहे. म्हणून या पुस्तकांना आत्मचरित्र म्हणता येत नाही आणि निव्वळ कल्पितही म्हणवत नाही. 1970 च्या दशकात जेम्स हेरियट या यॉर्कशायरच्याच पशुवैद्याने व्यवसायातील आठवणींना कथारूप देऊन मोठा वाचकवर्ग मिळवला होता. रीआ यांची पुस्तके त्याच जातकुळीची आहेत. या प्रकाराला मराठीत रूढ संज्ञा नाही. 'व्यवसायकथन' म्हणता येईल.

या पुस्तकांची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रकरणाच्या आरंभी एखादे अवतरण असते. मग निवेदक कायद्यातील एखादी तरतूद, एखादे कर्तव्य किंवा गावातील एखादा वर्ग समजावून सांगतो. सापडलेल्या वस्तूंची नोंद, जनावरांचे रोग, दारूच्या गुत्त्याची बंद होण्याची वेळ, असे ते विषय. त्यानंतर त्या विषयाच्या सूत्रात ओवलेले दोन-तीन किंवा अधिक प्रसंग येतात. ते एकमेकांचे कारण-कार्य नसतात. एक संपतो, दुसरा सुरू होतो. गस्तीच्या वाटेवर एका घरानंतर दुसरे घर यावे तसा. येथे गस्त हा केवळ आशय नाही, तो रूपबंध आहे. त्या काळी ग्रामीण कॉन्स्टेबल ठरल्या वेळी ठरल्या दूरध्वनी-पेटीपाशी उभा राही आणि वरिष्ठ त्याला तेथे गाठीत. रीआ यांचा निवेदक फ्रान्सिस-बार्नेट मोटारसायकलीवरून अशा ठिकाणांमध्ये फिरतो. दोन ठिकाणांच्या मधला जो रिकामा वेळ, तोच कथेचा वेळ.

मराठी वाचकाची येथे एका शब्दाने गफलत होण्याचा संभव आहे. 'कॉन्स्टेबल' म्हणजे आपल्याकडचा ठाण्यावरचा शिपाई, हे समीकरण दर्जाच्या दृष्टीने बरोबर असले तरी अधिकाराच्या दृष्टीने अपुरे आहे. इंग्लंडमधील कॉन्स्टेबलचे पद हे स्वतंत्र अधिकारपद मानले जाते. अटक करावी की ताकीद देऊन सोडावे याचा निर्णय पुष्कळदा त्याच्या विवेकावर असतो. त्यातही ग्रामीण कॉन्स्टेबल पोलीस-घरात सहकुटुंब राही आणि त्याच घराच्या एका खोलीत कचेरी थाटी. आपला पोलीस-पाटील गावचाच असतो, पण तो पोलीस दलाचा शिपाई नव्हे. इंग्रज कॉन्स्टेबल दलाचा असतो, पण त्याला गावचा व्हावे लागते. या 'व्हावे लागण्या'तच रीआ यांच्या कथांचा नैतिक पेच आहे. कुत्रा बाळगण्यासाठी त्या काळी साडेसात शिलिंगांचा परवाना लागे. तो नसलेल्या म्हातारीवर खटला भरायचा की तिला पोस्टात जाऊन परवाना काढ असे सांगायचे? रकमेचा विचार केला तर प्रश्न क्षुल्लक. परंतु उद्या त्याच गल्लीतून फिरायचे आहे आणि परवा गंभीर प्रसंगी त्याच म्हातारीकडून माहिती हवी आहे, हे लक्षात घेतले की कायद्याचा अंमल म्हणजे काय हा प्रश्न त्या साडेसात शिलिंगांत सामावलेला दिसतो. रीआ यांच्याकडे खलनायक फारसे नसण्याचे कारण हेच. क्लॉड जेरेमाया ग्रीनग्रास हा भुरटा, अर्धा विक्रेता अर्धा चोर, कॉन्स्टेबलचा प्रतिस्पर्धी खरा. पण तो शेजारीही आहे. कथा त्याला गजाआड टाकू इच्छित नाही, कारण मग गाव अपुरे राहील.

यॉर्कशायर टेलिव्हिजनने या पुस्तकांवरून तयार केलेली 'हार्टबीट' ही मालिका 10 एप्रिल 1992 रोजी सुरू झाली. 2010 पर्यंत तिची 18 पर्वे आणि 372 भाग झाले. एडन्सफील्ड म्हणून गोथलंड या गावात चित्रीकरण झाले. ग्रीनग्रास आणि सार्जंट ब्लेकटन ही पात्रे पुस्तकांतून आली. परंतु मुख्य बदल निवेदकातच झाला. पुस्तकांतील निक त्याच मातीतला आहे. बोली, शेतीचे हंगाम, शेजाऱ्यांची नाती त्याला उपजत ठाऊक. मालिकेतला निक रोवन लंडनच्या पोलीस दलातून आलेला आहे आणि त्याची पत्नी केट डॉक्टर आहे. हा बदल लहरीखातर झालेला नाही. पुस्तकात 'मी' सर्व काही समजावून सांगू शकतो. कॅमेऱ्यापुढे समजावणारा आवाज नाही, म्हणून ज्याला समजावून सांगावे लागेल असा परका माणूस नायक करावा लागतो. प्रेक्षक त्याच्याबरोबर गावात शिरतो. डॉक्टर पत्नीमुळे घराघरांत जाण्याची आणखी एक वाट उघडते. माध्यमाच्या दृष्टीने ही योजना निर्दोष आहे. तिची किंमत मात्र मोठी : जाणता निवेदक गेला की त्याचा संयमही जातो. तरतूद आणि ताकीद यांच्या मधला संथ विचार दृश्यात मांडणे कठीण. तासाभराच्या भागाला गाठ हवी, ती सुटायला हवी. मग चोऱ्या, दरोडे आणि प्रसंगी खूनही गावात येतात. एवढ्याशा एडन्सफील्डमध्ये इतके गुन्हे घडावेत याचा विनोद प्रेक्षकांनीही केला असणार.

काळाच्या हाताळणीतही फरक आहे. 1964 च्या पोलीस कायद्यानंतर इंग्लंडमधील छोट्या दलांचे विलीनीकरण झाले. नॉर्थ रायडिंगचे दल 1968 मध्ये यॉर्क व परिसरातील दलांत मिसळले आणि 1974 मध्ये पुन्हा रचना बदलून नॉर्थ यॉर्कशायर पोलीस दल आले. पायी व दुचाकीवरच्या गस्तीची जागा मोटारी व बिनतारी यंत्रणेने घेतली. म्हणजे 1979 साली रीआ लिहू लागले तेव्हा पोलीस-घरातला कॉन्स्टेबल मागे पडत चालला होता. या पुस्तकांतील हळवेपणाला असा कारभाराचा आधार आहे. कोणती पद्धत गेली आणि तिच्याबरोबर गावाचे कोणते ज्ञान गेले, हे सांगणारा माणूस स्वतः त्या खात्यात नोकरीवर होता. मालिकेतली स्मरणरंजकता वेगळी. ती त्या दशकाच्या लोकप्रिय गाण्यांतून, मोटारींतून आणि पोशाखांतून निर्माण होते. तिचे शीर्षकही बडी हॉली यांच्या गाण्याचे. अठरा वर्षे चाललेली मालिका 1960 च्या दशकातून बाहेर पडली नाही. हा आरोप मात्र तिच्यावर एकटीवर करता येणार नाही, कारण पुस्तकांतले घड्याळही असेच थांबलेले आहे.

1998 मध्ये निक रोवनने मालिका सोडली आणि तरीही मालिका बारा वर्षे चालली. नंतर दुसरे कॉन्स्टेबल आले. ब्लेकटन निवृत्त होऊन आधी पोस्ट आणि मग गुत्ता चालवू लागला. पुस्तकात जे अशक्य होते ते येथे सहज घडले : निवेदक गेला, गाव उरले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधून पाहणारा वजा केला तर काय राहील, असा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने स्वतःला विचारून पाहावा. या बदलाचे स्वरूप मग अधिक स्पष्ट होईल.

प्रभाव एकाच दिशेने वाहिला असेही नाही. पुस्तकांत अनेकांपैकी एक असलेला ग्रीनग्रास बिल मेनार्ड यांच्या अभिनयाने मालिकेचे आकर्षण ठरला. 1995 मध्ये निघालेल्या कॉन्स्टेबल-पुस्तकाचे नाव 'कॉन्स्टेबल व्हर्सस ग्रीनग्रास' असे आहे. टेकडी, गाव, माळ, दरी, समुद्र अशी स्थळे ज्या मालेच्या शीर्षकांत आजवर येत होती, तीत गावातला एक माणूस प्रतिपक्ष म्हणून आला.