तुरीच्या कुळातला लाल चहा

नागपूरहून रायपूरकडे जाताना भंडारा मागे पडलं की वैनगंगा लागते आणि पूल उतरला की कारधा. पावसाळ्यात या गावाचं नाव पेपरात सारखं येतं, कारण नदीची पातळी कारध्याच्या पुलापाशी मोजतात. ऑगस्ट 2020 च्या महापुरात तर सगळा जिल्हा कारध्याच्या आकड्याकडे डोळे लावून बसला होता. पाणी ओसरलं की हे पुन्हा महामार्गावरचं गाव. ट्रक, धान, रेती आणि टपरीवरची चाय.

या चायेला इथे एक काम नेमून दिलेलं आहे. रात्री दोनला रायपूरकडे निघालेल्या ड्रायव्हरला जागं राहायचं असतं. लाइन रात्रीचीच मिळते म्हणून ओलिताला निघालेल्या शेतकऱ्यालाही जागं राहायचं असतं. त्यांना कॅफिनमुक्त पेय देऊ करणं म्हणजे थट्टाच. म्हणून रूइबॉस या दक्षिण आफ्रिकेतल्या कॅफिनमुक्त लाल चहाबद्दल शहरी दुकानांतून जे सांगितलं जातं, शांत झोप, निवांत संध्याकाळ वगैरे, ते कारध्याच्या टपरीवर लागू पडत नाही. प्रश्न घरातल्या चहाचा आहे. सकाळी पोळीसोबत, दुपारी जेवण उरकताच आणि सांजेला परत होणाऱ्या, अनेक घरांत लहान पोरांच्याही वाट्याला येणाऱ्या चहाचा.

हा चहाही काही आपला जुना सोयरा नव्हे. 1882 मध्ये नागपूर-छत्तीसगड रेल्वे सुरू झाली, 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती पुढे ताब्यात घेतली, आणि विसाव्या शतकात चहा कंपन्यांच्या प्रचाराने स्टेशनं गाठली. फुकट कप वाटून, पाट्या लावून लोकांना सवय लावली गेली. आपण त्यात दूध आणि साखर भरपूर घातली, पत्ती खळखळा उकळली आणि मळेवाल्यांच्या कल्पनेत नव्हतं असं पेय तयार केलं. रूइबॉसची परीक्षा घ्यायची तर ती या पेयाशी घ्यायला हवी, हे मी आधीच सांगून ठेवतो.

रूइबॉस हे वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने चहा नाही. चहाचं झुडूप कॅमेलिया साइनेन्सिस, हे ॲस्पॅलॅथस लिनिआरिस. कूळ शिंबावंत, म्हणजे आपल्या तुरीचं. भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीला जो धुरा असतो त्यावर तूर लावतात, तिची पिवळी फुलं डोळ्यांसमोर आणा. रूइबॉसचीही फुलं तशीच पिवळी, पण बारीक, आणि पानं मात्र सुयांसारखी. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, हाही तुरीचाच गुण. साम्य एवढंच. हे झुडूप दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, केपटाऊनच्या उत्तरेकडील सेडरबर्ग डोंगरांत आणि भोवतालच्या पट्ट्यात वाढतं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, जमीन रेताड, आम्ल आणि नापीक. आपल्याकडे पाऊस पावसाळ्यात आणि धानाची जमीन पाणी धरून ठेवणारी. तेव्हा कुणी रूइबॉसची रोपं विकायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

सेडरबर्ग भागातले खोई आणि सान लोक या झुडपाचा वापर फार आधीपासून करत होते. व्यापार सुरू झाला तो 1904 मध्ये, रशियातून आलेल्या बेंजामिन गिन्सबर्ग या ज्यू व्यापाऱ्यामुळे. घराण्यात चहाचा धंदा होता. डोंगरातल्या लोकांकडून तो वाळलेला पाला विकत घेऊ लागला. पण रानातला माल किती पुरणार? 1930 च्या सुमारास क्लॅनविल्यमचे डॉक्टर पीटर ल फ्रा नॉर्टिए यांनी लागवडीचे प्रयोग हाती घेतले. बी अगदी बारीक, शेंग तडकली की उडून जाणारं आणि रुजवायला चिवट. नॉर्टिए गावकऱ्यांना बियांची आगपेटी भरून आणली की पैसे देत. त्या वेळची हकीकत अशी सांगतात की एका वृद्ध खोई बाईला मुंग्या हे बी ओढून नेताना दिसल्या. ती त्यांच्या मागे गेली, वारूळ उकरलं, तर आत बियांचं कोठारच. बी मिळालं आणि नॉर्टिएंनी ते खरवडून रुजवण्याची रीत बसवली. पुढे 1948 मध्ये स्टेलेनबॉश विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्या बाईला काय मिळालं, ही गोष्ट मात्र बराच काळ कुणी विचारली नाही.

पाला तयार करण्याची पद्धत साधी आहे. कोरड्या उन्हाळ्यात वर्षातून एकदा झुडूप कापतात, गुडघ्याएवढे खुंट ठेवून. फांद्या सुयांसकट तीन-चार मिलिमीटरचे तुकडे होतील अशा चिरायच्या, चेचायच्या, पाणी मारून ढीग घालायचा. तोवर माल हिरवाच असतो. ढिगाला रात्रभर ऊब येते, हवेशी संयोग होतो आणि सकाळी तो विटकरी लाल झालेला असतो, मधासारखा गोड वास मारतो. मग खुल्या अंगणात पातळ पसरून उन्हात वाळवायचा. ढीग न घालता लगेच वाळवला तर हिरवा रूइबॉस मिळतो, त्याची चव गवताकडे झुकणारी.

आता आपली परीक्षा. चहाच्या भांड्यात पाणी उकळायला ठेवून कपामागे एक मोठा चमचा रूइबॉस टाकला आणि विसरून गेलो तरी काही बिघडत नाही. साधी पत्ती इतकी उकळली तर जीभ आवळते. रूइबॉसमध्ये टॅनिन कमी, म्हणून तो कडवट होत नाही. रंग गडद होत जातो आणि चव जरा दाट होते. दूध घातलं तर नासत नाही. दक्षिण आफ्रिकेत घरोघरी तो दूध-साखर घालूनच पितात. आलं-वेलची त्याला चालते. गैरसोय एकच, नेहमीच्या गाळणीतून त्या लाल सुया सरळ कपात उतरतात. फडक्याने गाळावं. चवीला मात्र हा चहा नव्हे. लाकडी, किंचित व्हॅनिलाची आठवण देणारी गोडी आहे, आणि चहाचा तो कडक झटका नाही. पहिल्या घोटाला आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी "काढाच आहे जी" असा निकाल दिला, पण कप संपवला.

कॅफिन नाही याचा फायदा कुणाला? आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत चहाच्या 150 मिलिलिटर कपात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन धरलं आहे आणि दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम सांगितली आहे. टपरीचा कट याहून बराच लहान. म्हणजे सामान्य माणूस मर्यादेच्या आतच असतो. गरोदर बाईच्या शरीरातून कॅफिन सावकाश बाहेर पडतं, तिने जपावं. हलक्या झोपेच्या म्हाताऱ्यांनी रात्रीचा चहा बदलून बघावा. एवढंच.

माझ्या मते आपल्याकडची खरी गोष्ट कॅफिनची नसून टॅनिनची आहे. त्याच मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असं म्हटलं आहे, कारण टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतं आणि ते रक्तात जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. अशा घरात पोळी चहात बुडवून खाण्याची रीत महाग पडते. 1979 मध्ये दक्षिण आफ्रिकेत तरुण, निरोगी पुरुषांच्या एका लहान गटावर प्रयोग झाला. लोह पाण्यासोबत दिलं तेव्हा सरासरी 9.34 टक्के शोषलं गेलं, रूइबॉससोबत 7.25 टक्के आणि साध्या चहासोबत फक्त 1.70 टक्के. प्रयोग छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत, पण दिशा स्पष्ट आहे. इथे एक इशारा: पूर्व विदर्भात सिकलसेलही आहे. प्रत्येक फिकट चेहरा लोहाच्या कमतरतेचा नसतो. आधी तपासणी, मग चहाची चर्चा. आणि कपात दोन चमचे साखर पडतच राहिली तर रूइबॉस तिचं काहीही करू शकत नाही.

आता तुरीच्या शेजारी त्याच धुऱ्यावर उभी असलेली लाल अंबाडी. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी सगळ्यांना ठाऊक आहे. दिवस लहान होऊ लागले की तिला फुलं येतात, फूल गळल्यावर खालची लाल दलं फुगून मांसल होतात, तीच बोंडं. वाळवून उकळली की माणकासारखं लाल, आंबट पेय मिळतं आणि त्यात कॅफिन नसतं. सुदान-इजिप्तमध्ये हेच करकदे, सेनेगलमध्ये बिसाप, मेक्सिकोत हमायका, जमैकात नाताळचं सॉरेल. आपण त्याचं शरबत करतो. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात रक्तदाब थोडा वाढलेल्या 65 जणांवर झालेला प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे रोज तीन कप घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 7.2 ने उतरला, नुसतं रंगीत, चवदार पाणी पिणाऱ्यांचा 1.3 ने. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी म्हणूनच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मग रूइबॉस कशाला, अंबाडीच पिऊ, असं म्हणण्याचा मोह होतो, आणि स्वदेशीच्या उत्साहात अनेकजण तसं लिहितातही. मला ते पटत नाही. अंबाडीच्या कपात दूध ओतून बघा. क्षणात गाठी धरतात, तळाशी फिकट गुलाबी चोथा आणि वर निवळ. दुधातलं केसीन 4.6 सामूला साकळतं आणि अंबाडी त्याहून कितीतरी आम्ल. ज्या माणसाला सांजेला दुधाचा गरम चहाच हवा असतो त्याला आंबट शरबत देऊन चालत नाही. तिथे रूइबॉसची जागा घेईल असं आपल्या रानात काही नाही. गवती चहा दुधात चालतो, पण तो बहुधा पत्तीच्या जोडीलाच असतो.

रूइबॉसकडून घ्यायची गोष्ट दुसरीच आहे. 1994 मध्ये एका कंपनीने अमेरिकेत रूइबॉस हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतलं होतं. दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनी लढून 2005 मध्ये ते सोडवलं. 2021 मध्ये युरोपीय संघाने त्याला मूळस्थानाचं संरक्षण दिलं. आफ्रिकेतल्या खाद्यपदार्थाला असा मान पहिल्यांदाच मिळाला. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको, त्याच्या चिन्नोर तांदळालाही भौगोलिक मानांकन आहे. पण तिथे आणखी एक पाऊल पडलं. 2019 मध्ये खोई-सान समाज आणि रूइबॉस उद्योग यांच्यात करार झाला की मूळ ज्ञान या लोकांचं, तेव्हा शेतावरच्या खरेदी किमतीच्या दीड टक्का रक्कम त्यांच्या न्यासांना द्यायची. 2022 मध्ये पहिला हप्ता गेला, 1 कोटी 22 लाख रँडचा. वारूळ उकरणाऱ्या बाईचा प्रश्न असा उशिरा का होईना हिशोबात आला.

अंबाडीला असं काही मिळेल का, हे शेवटी मजुरीवर ठरेल. बोंड हातात धरून देठाकडून पोकळ नळी दाबावी लागते, तेव्हा आतलं हिरवं बोंडुक बाहेर पडतं आणि लाल दलं मोकळी होतात. एकेक बोंड असंच. दहा किलो ओली दलं वाळली की जेमतेम किलोभर उरतात. रूइबॉस विळ्याने कापून यंत्रात चिरला जातो, ही सोय अंबाडीला नाही. त्यातून बोंडं तयार होतात ती नेमकी धानकापणीच्या दिवसांत. तेव्हा कारध्यात रोजाने माणूस मिळत नाही, मिळाला तर तो धान सोडून धुऱ्यावरची बोंडं सोलायला बसत नाही.